सावंग्याच्या डब्यातलं कुंकू

सुवर्णाचा जोड माझ्या जोडापेक्षा चांगला येतो. हे वाक्य लिहायला मला फार त्रास झाला, म्हणून ते आधीच लिहून टाकते.

आम्ही दोघी काचेच्या तारा जोडतो. आदिलाबादहून जैनथकडे आणि तिथून पैनगंगेच्या काठच्या गावांपर्यंत इंटरनेटची जी काळी केबल खांबांवरून गेलेली दिसते, तिच्या पोटात केसाएवढ्या काचेच्या तारा असतात. त्यांना फायबर म्हणतात. त्यातून वीज जात नाही, उजेड जातो. तुम्ही मोबाइलवर लग्नाचा व्हिडिओ पाहता तेव्हा तो व्हिडिओ या तारेतून लुकलुक करत आलेला असतो: उजेड, अंधार, उजेड, उजेड, अंधार. डोळ्याला कळणारच नाही इतक्या वेगाने. पलीकडच्या टोकाचं यंत्र ती लुकलुक वाचतं. उजेड मंद झाला की त्याला लागलेलं आणि विझलेलं यातला फरक कळेनासा होतो. मग ते विचारतं, काय म्हणालात, पुन्हा सांगा. इकडून पुन्हा सांगितलं जातं. तुमच्या पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र दिसतं ना, त्यात बऱ्याचदा ही विचारणाच चाललेली असते. पैनगंगेच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाला वाऱ्यात हाक मारून निरोप सांगायचा, तसं.

तार जिथे जिथे जोडावी लागते तिथे थोडा उजेड सांडतो. तो किती कमी सांडेल, हीच आमची कारागिरी. तारेवरचं रंगीत कवच सोलायचं, काच स्पिरिटने पुसायची, टोक सरळ कापायचं, दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. मशीन एक ठिणगी टाकते, काच वितळून एक होते, आणि पडद्यावर आकडा येतो: किती नुकसान झालं. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका जोड चांगला. माझा चांगला येतो. सुवर्णाचा माझ्याहून चांगला येतो. आमच्या दोघींच्या मशीन एकाच वेळी आल्या, एकाच वेळी म्हाताऱ्या झाल्या, तरीही.

बरं, ती मन लावून करते म्हणावं तर तसंही नाही. गाणं गुणगुणत, खालून जाणाऱ्या बाईला "काकू, वांगे कसे देल्ले?" असं विचारत ती जोड मारते. मी श्वास रोखून मारते.

माझ्याबद्दल एवढं सांगायला हवं की मी पत्रकांवर वाढले आहे. माझ्या बाबांचा आदिलाबादमध्ये छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर बाबा चालायचे. मराठी शाळेला शिक्षक द्या, बस पुन्हा सुरू करा, बोअरवेलचं पाणी तपासा. मराठीत एका बाजूला, तेलुगूत दुसऱ्या बाजूला. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांच्या वाया गेलेल्या कागदांवर. माझं नाव क्रांती आहे, यावरून बाकीचं समजून घ्या. त्यामुळे या कामात पडले तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते हे, की केबलच्या शेवटच्या घरालाही पहिल्या घराइतकाच उजेड मिळाला पाहिजे. मी तसं पत्रकही काढलं होतं. आमचे सुपरवायझर राजन्ना सर ते वाचून म्हणाले, "अम्मा, हे इलेक्शनचं आहे का?"

पण माझं म्हणणं तांत्रिकदृष्ट्याही बरोबर होतं. एक उदाहरण देते. जैनथला आमच्या मुख्य यंत्रापासून हाकेच्या अंतरावर एका खतविक्रेत्या शेठजींचं दुकान आहे. त्यांनी हट्टाने थेट मुख्य तारेवरून कनेक्शन घेतलं, मध्ये कोणी वाटेकरी नको म्हणून. आणि त्यांचंच नेट सगळ्यात जास्त तुटायचं. मी गेले तर शेठजी पेटलेले.

"मी सगळ्यांहून जास्त करंट घेतला, तरी हे हाल?"

"शेठजी, जास्त आहे म्हणूनच हाल आहेत. टॉर्च डोळ्यात मारला तर दिसतं का काही? तुमच्या यंत्राचे डोळे दिपले आहेत."

मी मध्ये उजेड कमी करणारा एक तुकडा बसवला. नेट सुरळीत. शेठजींना मात्र फसवल्यासारखं वाटलं. "कमी केलं आणि चांगलं झालं, असं कुठं असते का?" ते मला विचारत राहिले. मी त्यांच्याशी समान वाटपावर थोडं बोलले. ते आता काही बिघडलं की सुवर्णालाच फोन करतात.

हे असंच होतं. जैनथच्या रामकिसन शिंप्यांकडची गोष्ट घ्या. त्यांचं नेट फार हळू चालायचं. मी गेले तर भिंतीपासून यंत्रापर्यंतची पातळ पिवळी तार जास्तीची होती, म्हणून त्यांनी ती दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर गुंडाळून ठेवलेली. इतकी सुबक, की एका फेऱ्यावर दुसरा फेरा चढला नव्हता. आता काचेच्या तारेला सैल वळण चालतं, पण एवढ्या घट्ट वळणावर उजेड वळत नाही, तो सरळ बाहेर निघून जातो. मी त्यांना हे सगळं नीट समजावलं. तार सोडवली, मोठा सैल वेढा करून खिळ्याला अडकवला. पुढच्या वेळी गेले तर तार पुन्हा रिळावर.

मग सुवर्णा गेली. तिने रीळ हातात घेतलं आणि म्हणाली, "काका, काय हात हाय तुमचा! पन या तारेले ब्लाउजचं माप होत नाही, इले घेरदार घागराच लागते." काका हसले. तार आजतागायत सैल आहे. वर सुवर्णाला त्यांनी ब्लाउज शिवून दिलं. मी तेच शास्त्र तिच्या आधी सांगितलं होतं, आणि जास्त नीट सांगितलं होतं.

तर आता मुख्य गोष्ट. गेल्या दसऱ्याच्या सुमाराला राजन्ना सरांनी सांगितलं की एक नवीन मशीन येणार आहे. एकच. जुनी मशीन तारेची फक्त बाहेरची कड जुळवते. नवी मशीन आतला गाभा पाहते, म्हणजे ज्यातून खरा उजेड जातो तो काचेच्याही मधला बारीक भाग, आणि गाभ्याला गाभा जुळवून जोडते. मी तिचा व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला होता की तिच्या झाकणाचा आवाज मला पाठ होता. मला ती हवी होती. दागिना हवा असतो तशी हवी होती, हे मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवलं.

सरांनी अट घातली. नदीकाठच्या दोन शाखा नव्याने जोडायच्या होत्या. सावंग्याची सुवर्णाकडे, बेलगावची माझ्याकडे. दोन्हीची लांबी जवळपास सारखी, जोडही सारखेच. दसऱ्यानंतर तपासणी. जिच्या शाखेत उजेड कमी सांडेल तिला मशीन. आणि तपासणी एकमेकींनी करायची: मी तिच्या सावंग्याची, ती माझ्या बेलगावची.

"दोघी आपल्याच पोरी. आपल्या माणसाची तपासणी कोणी खोटी करत नाही," सर म्हणाले.

"आपली कोण?" मी विचारलं. सुवर्णा खो खो हसली.

मध्ये दसरा आला. आमच्या ऑफिसात दसऱ्याच्या आदल्या दिवशी अवजारांची पूजा होते. शिडी, पक्कड, ड्रिल, गाडी, सगळ्यांना हळदकुंकू. मी माझी मशीन द्यायला नकार दिला. माझा देवाला विरोध नाही, म्हणजे आहे, पण तो वेगळा विषय. हळदीचा बारीकसा कणसुद्धा त्या काचेच्या टोकापुढे दगडाएवढा असतो. मी तिथेच भाषण केलं. राजन्ना सर हातात नारळ धरून संपायची वाट पाहत उभे राहिले. सुवर्णाने तिची मशीन पेटीत बंद केली, पेटीवर वरून कुंकवाचं बोट टेकवलं आणि म्हणाली, "झालं. आता इच्या पोटात ना कुंकू, ना क्रांतीचं भाषण."

प्रत्येक गावात आमचा एक डबा असतो, त्यात मुख्य तार येते आणि घराघराच्या तारा निघतात. त्या डब्यासाठी मी घरी जाऊन पत्रक तयार केलं. 'डब्याला हात लावू नये. पूजेचं साहित्य लांब ठेवावं. एका कणाने संपूर्ण गावाचं नुकसान होऊ शकतं.' बाबांनी ठळक अक्षरांत छापून दिलं. ते मी दसऱ्याच्या सकाळीच बेलगावला ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या डब्याखाली चिकटवलं आणि डब्याची किल्ली नियमाप्रमाणे खिशात ठेवली. सुवर्णाने तिच्या डब्याची किल्ली सावंग्याच्या शांताबाईंच्या किराणा दुकानात ठेवली होती. "रात्री-बेरात्री काही लागलं तं त्यायनं कोनाची वाट पाहाची?" असं तिचं म्हणणं. हे नियमात बसत नाही. मी सरांना सांगितलंही होतं. सरांनी ऐकलं नाही.

दसऱ्यानंतर मी सावंग्याला तपासणीला गेले. शांताबाईंच्या ओसरीत डबा होता. मी उजेड मोजायचं मीटर लावलं. आकडा वाईट होता. साधा वाईट नाही, बेलगावच्या पुढे लाज वाटावी असा. मी दुसरं यंत्र लावलं, जे तारेत उजेडाचा ठोका पाठवून कुठे किती सांडला याचा आलेख काढतं. रस्त्यातले तिचे सगळे जोड दिसतच नव्हते, इतके सपाट. आणि शेवटी, बरोबर या डब्यात, मोठी पायरी: उजेड इथे एकदम खाली पडत होता.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फार आनंद झाला. मशीन माझी होती.

मी डबा उघडला. तारांच्या टोकांना बसवलेल्या कनेक्टरच्या हिरव्या टोप्या रांगेत बसलेल्या. पहिला ओढून काढला आणि त्याच्या टोकाला कण मोठा करून दाखवणारी छोटी दुर्बीण लावली. पडद्यावर पांढरं वर्तुळ दिसायला हवं होतं. दिसला लाल-पिवळा चिखल. दुसरा काढला, तोच प्रकार. सगळेच तसे.

शांताबाई चहा घेऊन आल्या. सत्तरी गाठलेली बाई, नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. म्हणजे त्याच करंड्यातलं.

"आजी, हा डबा कोणी उघडला होता?"

"मीनं. दसऱ्याची पूजा केली ना. समद्याइची केली. नांगर, तराजू, नातीची शिलाई मशीन, अन् हा."

"पण उघडून?"

"मंग काय बाहेरून? देवाच्या पाया पडाचं तं देऊळ उघडा लागते का नाही? एकेक टोपी काढली, हळदकुंकू लावलं, जशीच्या तशी भोकात बसवली. एक बी इकडची तिकडे नाही केली." त्यांना त्याचा अभिमान होता. आणि खरोखर एकही इकडची तिकडे नव्हती.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगते कोन? सुवर्णा म्हने, आजी, याच्यात उजेड धावते. उजेड धावते म्हनल्यावर दिवाच झाला ना थो. दिव्याले नाही लावाचं तं कोनाले लावाचं?"

मी वस्तीबद्दल विचारलं. सावंग्याच्या पुढे नदीकडे एक छोटी वस्ती आहे, त्या शाखेचं शेवटचं टोक. तिथे मोबाइलला रेंज नाही. फोन लागायचा तर नेटवरूनच.

"थ्यायच्या घरी लाल दिवे लागले म्हने पूजेपासून," शांताबाई म्हणाल्या. "आमाले वाटलं, पावला."

घरातल्या यंत्रावरचा लाल दिवा म्हणजे उजेड पोचत नाही. वस्ती दसऱ्यापासून बंद होती. आमच्याकडे एकही तक्रार आली नव्हती. बेलगावला पाच मिनिटं नेट गेलं तरी माझा फोन वाजत राहतो.

"मग फोन का नाही केला कोणी?"

शांताबाई माझ्याकडे बघत राहिल्या, इतकं साधं कसं कळत नाही असं. "सुवर्णाची परीक्षा चालू हाय ना नव्या मशीनची. तक्रार गेली तं तिच्यावर येईन. वस्तीवाले म्हनत, राहू द्या, तिचं होऊन जाऊ द्या, मंग सांगू."

मी चहाचा पेला खाली ठेवला. माझ्या आयुष्यात मी गावांसाठी इतकी पत्रकं वाटली. कोणत्या गावाने माझ्यासाठी एक दिवस फोन बंद ठेवला असता? मला सुवर्णाचा विलक्षण राग आला. आणि त्याच रागात दुसराही राग होता, तो मला नीट ओळखू येत होता, कारण तो छापखान्यातला होता. शेवटचं घर अंधारात होतं, आणि सगळ्यांनी प्रेमाने ठेवलं होतं म्हणून तो अंधार कमी होत नव्हता.

सरांनी सांगितलं होतं, जसं सापडेल तसं मोजायचं. मी मोजलं होतं. तसंच लिहून निघाले असते तर मशीन माझी, आणि नियमही माझ्या बाजूला. पण वस्ती तशीच सोडून जाता येत नव्हतं, आणि साफ केल्यावर पुन्हा न मोजणं ही लबाडी झाली असती. शिवाय, हे सगळ्यात खरं कारण असेल, मला सुवर्णाच्या हाताला हरवायचं होतं. शांताबाईंच्या करंड्याने तिला हरवलं तर मी काय जिंकले?

मी पुसायला बसले. हळद सुकलेली, कुंकू तेलातलं. स्पिरिट, कापड, दुर्बीण, पुन्हा स्पिरिट. शांताबाई शेजारी बसून प्रत्येक कनेक्टरची चौकशी करत होत्या. "पुसून राह्यली काऊन? राहू द्या ना एखाद्याले."

"आजी, याच्या तोंडाला लागलं की उजेड बाहेर येत नाही. तोंड दाबल्यासारखं होतं."

त्यांचा चेहरा पडला. "आमी दाबलं तोंड?" मग हळू आवाजात: "सुवर्णाले नका सांगू."

सगळे साफ झाले, पण एक नाही. मुख्य केबलचा, ज्यावर सगळं गाव लोंबकळत होतं, त्याच्या काचेवर चरा पडला होता. तो पुसून जाणार नव्हता. कापून नवं टोक जोडावं लागणार होतं. मी माझी म्हातारी मशीन काढली. सोललं, पुसलं, कापलं, ठेवलं. त्या वेळी मी श्वास रोखला नव्हता, कारण शांताबाई सारख्या बोलत होत्या आणि मी उत्तरं देत होते. ठिणगी पडली. पडद्यावर आकडा आला.

शून्य. टिंबाच्या पुढेही शून्य.

माझ्या हातून असा जोड कधी झाला नव्हता आणि त्यानंतरही झालेला नाही. आणि तो सुवर्णाच्या शाखेत आहे.

वस्तीवरून फोन आला, दिवा हिरवा झाला म्हणून. शांताबाईंनीच घेतला. "सुवर्णाच्या मैत्रिनीनं केलं," त्या म्हणाल्या. मी दुरुस्ती केली नाही, म्हणजे वाक्याची.

ऑफिसात मी दोन्ही आकडे दिले, आधीचा आणि नंतरचा, आणि काय झालं ते सगळं सांगितलं. शांताबाईंचं नाव मात्र घेतलं नाही; गावात पूजा झाली, एवढंच म्हणाले. राजन्ना सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग गंभीर झाले. "पूजा हा जोडाचा दोष नाही अम्मा. नंतरचा आकडा धरायचा. बेलगाव पण फार चांगलं आहे. सावंगा थोडं जास्त चांगलं आहे."

थोडं म्हणजे, माझ्या त्या एका जोडाएवढं. माझ्या नेहमीच्या हाताने तो झाला असता तर बेलगाव पुढे असतं. मी हिशेब करून पाहिला आहे. पुन्हा पुन्हा पाहिला आहे.

सुवर्णाने तिला मिळालेल्या नव्या मशीनचं झाकण उघडलं. तोच आवाज. मग ती माझ्याकडे वळली.

"क्रांते, सावंग्यातला एक जोड तुझा हाय. मशीन तुले पायजे तवा ने. मी काय रोज रोज वापरून राह्यली का?"

"मला दान नको."

"दान कोन देऊन राह्यलं? उसनी ने. भांडून परत दे."

तिला जिंकणं सोपं जातं आणि देणंही सोपं जातं. मला दोन्ही अवघड जातं. मशीन मी अजून एकदाही नेलेली नाही.

मी विषय बदलला. "माझ्या डब्याचं काय? तू तपासलास ना बेलगावचा?"

"हो ना बावा. दवाखान्यासारखा हाय तुझा डबा. उघडाच्या आधी चपला काढल्या मीनं."

सगळे हसले. ती तारीफच होती, मला माहीत आहे.

मी दुसऱ्या दिवशी बेलगावला गेले. काही काम नव्हतं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एक म्हातारे बाबा बसले होते, ते मला ओळखून उठून उभे राहिले.

"काय झालं मॅडम? नेट तं चालू हाय."

"सहज आले. बाबा, दसऱ्याला या डब्याची पूजा केली का हो कोणी?"

"नाही, नाही!" ते घाबरून म्हणाले. "तुमी कागद लावला ना, लांब राहा म्हनून. आमी लांबच राह्यलो. पोरायले बी सांगतलं, थ्या भिंतीपाशी खेळू नका."

पत्रक जसंच्या तसं होतं. कोपरासुद्धा उचकटला नव्हता. मी खिशातून किल्ली काढली, डबा उघडला, मीटर लावलं. आकडा उत्तम. मुख्य कनेक्टर काढला, दुर्बिणीखाली धरला. पांढरं वर्तुळ, मधोमध गाभ्याचा ठिपका, एक कणही नाही. शिकवण्याच्या पुस्तकात छापावं असं.

तरी मी नवं कापड काढलं, स्पिरिट टाकलं आणि ते टोक पुसलं. मग कापड उन्हात धरून पाहिलं.

पांढरंच होतं.